भरलेली टाकी, तापलेली हवा

अमरावतीच्या राजापेठेतून बडनेऱ्याची वाट धरली की पुढे बेलोऱ्याचं विमानतळ लागतं. १६ एप्रिल २०२५ला इथून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. धावपट्टी १८५० मीटरची, पक्की. फवारणीच्या विमानाला एवढी ऐसपैस जागा क्वचितच मिळते. शेताजवळची कच्ची पट्टी, पोटात शेकडो लिटर औषध, वर ऊन. आणि अशात दिवसभर उतरायचं, टाकी भरायची, पुन्हा उडायचं.

असं विमान भारतानंही बनवलं होतं. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं ‘बसंत’ ३० मार्च १९७२ रोजी प्रथम उडालं. इंजिन ४०० अश्वशक्तीचं, टाकीत सुमारे ६०० किलो औषध, म्हणजे भरलेल्या विमानाच्या वजनाचा चौथा हिस्सा नुसतं औषधच. टाकी इंजिन आणि वैमानिकाच्या मधे आणि वैमानिकाची बैठक उंच, मागे. विमान आदळलंच तर पहिला मार नाकानं आणि टाकीनं झेलावा, हा त्यामागचा विचार. अपघात गृहीत धरूनच केलेली ही रचना आहे.

उडतानाचा अपघात बहुधा इंजिन बंद पडूनच होतो, असा आपला समज असतो. पण इंजिन ठणठणीत असतानाही विमान पडतं. जमिनीलगत, पंखांच्या पसाऱ्याच्या साधारण निम्म्या उंचीपर्यंत, हवेचा अवरोध कमी असतो. त्या आधारावर जड विमान अपुऱ्या वेगातही चाकं उचलतं आणि वैमानिकाला वाटतं, जमलं. आणखी काही मीटर वर गेलं की तो आधार सुटतो. विमान चढेनासं होतं. समोर बांधावरची बाभूळ येते, हात आपसूक दांडी मागे ओढतो, नाक वर जातं आणि वेग आणखी घटतो. मग पंखावरून वाहणारी हवा विस्कटते, एक पंख खाली झुकतो. सावरायला उंचीच नसते.

यात ऊन भर घालतं. बेलोरा समुद्रसपाटीपासून सुमारे ३४० मीटरवर आहे. तिथं पारा ३५ अंशांवर गेला की हवा एवढी विरळ होते, की विमानाच्या दृष्टीनं ती प्रमाण हवामानातल्या साडेअकराशे मीटर उंचीवरची असते. चिखलदऱ्याची उंचीही जवळपास तेवढीच! पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारे मारायच्या ऑक्टोबरात ३५ अंश म्हणजे काही नवल नाही. विरळ हवेत पंख कमी उचलतात, इंजिनाचा जोरही उतरतो. वैमानिकांचा ठोकताळा असा, की वजन दहा टक्के वाढलं तर उड्डाणाला वीस टक्के जास्त अंतर लागतं. पावसानं मऊ झालेली जमीन असेल तर आणखी.

म्हणून दुसरा ठोकताळा फार मोलाचा. अर्धी पट्टी संपेपर्यंत उड्डाणाच्या वेगाच्या सत्तर टक्के वेग आला नाही, तर तिथंच थांबायचं. उडाल्यावर गडबड कळली तर शेवटचा उपाय टाकी रिकामी करण्याचा. अमेरिकेत दाट वस्तीवर फवारणाऱ्या विमानाला किमान निम्मा भार ४५ सेकंदांत सोडता आलाच पाहिजे, असा नियम आहे.

मे २०२०मध्ये मोर्शी-वरुड भागात टोळधाड आली तेव्हा इथं अग्निशमन बंबांनी औषध मारलं. त्याच मोहिमेत राजस्थानात हेलिकॉप्टर आणि ड्रोन उतरले. आता ड्रोन वऱ्हाडातही पोहोचतो आहे. त्यात वैमानिक बसत नाही आणि फवारणारा औषधापासून लांब राहतो, हे मोठंच सुख. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जण दगावले, ते आपण विसरू शकत नाही. पण दहा लिटरच्या टाकीचा ड्रोनही त्याच हवेवर तोलला जातो. भर दुपारी पाती तेवढंच वजन पेलायला जास्त वेगानं फिरतात, बॅटरी लवकर उतरते. तेव्हा ड्रोनवाल्या ताई-दादांनो, फवारणी सकाळीच उरका, उन्हात टाकी काठोकाठ भरू नका आणि ड्रोन उचलताना आजूबाजूला कुणाला उभं राहू देऊ नका.