कथा म्हणजे साक्षीदाराचा जबाब नव्हे!

दिवाळी अंकांचा हंगाम आला की आपले अनेक तरुण कथाकार संपादकांकडे कथा पाठवितात. काहींच्या कथा साभार परत येतात. त्याचे दुःख करण्याचे कारण नाही. कथा घेणे वा न घेणे हा संपादकाचा अधिकारच आहे. परंतु कथा समजून न घेताच तिचा निकाल लावला जातो, हे मात्र अन्यायाचे आहे.

अलीकडे एका तरुणाची कथा वाचनात आली. वस्तीतून शिकून तलाठी झालेला नायक. निराधार योजनेसाठी उत्पन्नाचा दाखला मागायला त्याच्याच वस्तीतली म्हातारी येते. चारचौघांत नाते उघड होऊ नये म्हणून तो ओळख दाखवीत नाही, 'उद्या या' म्हणतो. कथा इथेच संपते. एका प्रस्थापित अंकाच्या संपादकाने विचारले, 'यात अत्याचार कुठे आहे? हे तुमच्या आयुष्यात घडले काय?' चळवळीतल्याच दुसऱ्या संपादकाने कथा छापली. पण समाजाची बदनामी होते म्हणून शेवटी तलाठ्याला माफी मागायला लावली. तीही लेखकाला न विचारता!

पहिल्याला आमचे रडणे हवे आणि दुसऱ्याला आमची घोषणा. आमच्या लेखकाची कल्पनाशक्ती दोघांनाही नको, असाच याचा अर्थ नाही काय?

कोर्टात साक्षीदाराने स्वतः पाहिले-ऐकले तेच सांगावे, असा पुराव्याच्या कायद्याचा सर्वसाधारण दंडक आहे. कथाकार साक्षीदार नसतो. तो शंभर जणांचे सोसणे एका पात्रात ओततो. पात्राचे बोलणे हा लेखकाचा कबुलीजबाबही नसतो. १९६३ साली बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. शीर्षककथेचा नायक जात लपवितो. पण खरा आरोपी तो नव्हे. माणसाला जात लपवायला लावणारी व्यवस्था आहे. हा निकाल वाचकाने द्यायचा असतो. तलाठ्याच्या कथेतही तेच होते. माफीचे वाक्य घुसडून संपादकाने वाचकाचे काम काढून घेतले आणि कथेतली बोच मारून टाकली.

लेखकांनी एक ध्यानात ठेवावे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ नुसार, हक्क दुसऱ्याला दिले तरी, आपल्या प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या विकृतीविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. 'आपका बंटी' या कादंबरीवरील चित्रपटाच्या प्रकरणात लेखिका मन्नू भंडारी याच कलमाच्या आधारे दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या. १९८६ साली न्यायालयाने लेखकाचा हा अधिकार ठामपणे मान्य केला. शुद्धलेखनाच्या दुरुस्तीवर कुणी कोर्टात जाऊ नये. पण कथेसोबत 'परवानगीशिवाय आशयात बदल करू नये' अशी ओळ जरूर लिहावी आणि प्रत जपून ठेवावी.

खरा प्रश्न मात्र कोर्टातला नाही, आपल्या घरातला आहे. इतरांच्या पानांवर आमच्या शब्दाला जागा नव्हती म्हणून बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला. पुढे प्रा. गंगाधर पानतावणे यांनी तेव्हाच्या औरंगाबादहून 'अस्मितादर्श' चालविले आणि लिहित्या हातांच्या पिढ्या घडविल्या. ही पाने मुक्यांना वाचा देण्यासाठी निघाली. आज आपल्याच पानावर आपल्याच लेखकाच्या तोंडी दुसऱ्याचे वाक्य कोंबले जात असेल, तर त्या वारशाचे आपण काय केले?

संपादकांनी हजार प्रश्न विचारावेत. पण कात्री उचलण्याआधी ते लेखकाला विचारावेत!