खुडूक कोंबडी आणि तिचा संसार

सकाळीं खुराडें उघडावें, सगळ्या कोंबड्या फडफडत अंगणांत उतराव्या आणि एक मात्र आंतच बसून राहावी. हात पुढें केला तर तिनें पिसें फुलवून, घशांतल्या घशांत कुरकुरून चोंच उगारावी, हा अनुभव ज्याच्या परसांत चार गांवठी कोंबड्या आहेत त्या प्रत्येकास आलेला असतो. "खुडूक बसली," असें घरांतील बाई म्हणते, आणि त्याच क्षणीं तिच्यापुढें प्रश्न उभा राहतो: हिला अंड्यांवर बसवावयाची, कीं हिचें खुडूकपण मोडावयाचें? अंडीं विकलीं तर आज रोकड हातांत येते. बसविलीं तर कोंबडी दोन-अडीच महिने अंडें देणार नाहीं, आणि पिलें जगलीं तर जगलीं. वाशिम जिल्ह्यांतील आमच्या खेड्यापाड्यांत शेतीचा पैसा घरधन्याच्या हातीं जातो, पण कोंबड्यांचा पैसा बहुधा बाईच्या पदराला असतो. मुलाची वही, माहेरीं जाण्याचें बसभाडें, आल्यागेल्याचा चहा त्यांतून निघतो. तेव्हां हा प्रश्न दिसतो तितका लहान नाहीं.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, खुडूक बसणें हा रोग नव्हे. मेंदूच्या तळाशीं पिट्युइटरी नांवाची एक इवलीशी ग्रंथि असते. तिच्यांतून प्रोलॅक्टिन नांवाचा स्राव रक्तांत उतरतो. घरट्यांत अंडीं सांचूं लागलीं आणि त्यांचा स्पर्श पोटास होत राहिला, कीं हा स्राव वाढतो. मग अंडीं घालण्याचें काम थांबतें, पोटाखालचीं पिसें विरळ होतात, आणि उघडी पडलेली कातडी रक्तानें भरून ऊन होते. 1935 सालीं अमेरिकेंत ऑस्कर रिडल व त्यांचे सहकारी यांनीं हाच स्राव टोचून अंडीं देत असलेल्या कोंबड्यांना खुडूक बसविलें होतें. सस्तन प्राण्यांत मातेचें दूध उत्पन्न करण्याच्या कामीं जो स्राव लागतो तोहि हाच, हें कळल्यावर मला स्वतःला मोठें नवल वाटलें. अशा कोंबडीला पाण्यांत बुचकळणें, किंवा तिच्या नाकपुडींतून पीस ओवणें, असले प्रकार अजून कोठें कोठें करतात. ते निव्वळ क्रौर्याचे आहेत. खुडूकपण मोडावयाचेंच असेल, तर खालून वारा लागेल अशा विरळ विणीच्या टोपलींत तिला तीन-चार दिवस उजेडांत ठेवावें व दाणापाणी द्यावें. पोटास थंडावा मिळाला कीं ती आपोआप उठते.

परंतु मोडण्याची घाई करूं नये. पांढऱ्या लेगहॉर्नसारख्या जातींतून माणसानें पिढ्यान् पिढ्या निवड करून ही वृत्ति जवळजवळ नाहींशी केली, कारण तेथें अंडीं उबविण्यास यंत्रें आहेत. हैदराबादेस तयार झालेली वनराज आणि बंगळूरची गिरिराज या परसांतील पाळणुकीसाठींच काढलेल्या जाती. त्या अंडीं पुष्कळ देतात, पण त्यांच्यांतहि खुडूक बसण्याची वृत्ति फारच थोडी उरली आहे. गांवांत वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो. तेथें वीज न लागणारें, स्वतःच चालणारें आणि पुढें पिलांचें रक्षणहि करणारें यंत्र म्हणजे ही गांवठी कोंबडीच होय. ज्या घरीं सुधारलेल्या जातीचे कोंबडा-कोंबडी आहेत, त्या घरीं तर तिचा उपयोग दुप्पट. त्यांचीं अंडीं हिच्याखालीं ठेवावीं. तीं आपलीं नव्हेत हें तिला समजत नाहीं, आणि समजलें तरी तिची हरकत दिसत नाहीं. बदकाचीं अंडींहि ती इमानानें उबविते. मात्र त्यांस एकवीस नव्हे, अठ्ठावीस दिवस लागतात, आणि पिलें पाण्यांत शिरलीं म्हणजे बिचारी कांठावर कासावीस होते.

आतां अंड्यांविषयीं. कोंबडी रोज किंवा दिवसाआड एक, अशीं दहा-पंधरा अंडीं घालते, आणि तरीहि सर्व पिलें एकाच दिवशीं, फार तर दीड दिवसाच्या अंतरानें बाहेर पडतात. हें कसें घडतें? तर अंड्यांतील गर्भ निजलेला असतो. साधारण 20 ते 24 अंश सेल्सियसच्या खालीं तो निजूनच राहतो. कोंबडीची सुमारें 38 अंशांची ऊब लागली म्हणजे पहिलें अंडें आणि शेवटचें अंडें एकाच वेळीं जागें होतें. या व्यवस्थेंतच आमच्या भागाची मोठी अडचण दडलेली आहे. चैत्र-वैशाखांत वाशिमचा पारा 42 अंशांच्या घरांत जातो. त्या दिवसांत घरांत ठेवलेल्या अंड्यांतील गर्भ अर्धवट जागा होतो, थोडा वाढतो, आणि नीट ऊब न मिळाल्यामुळें मरतो. एका उन्हाळ्यांत मीं स्वतः हा धडा घेतला. पत्र्याच्या छपराखालच्या फळीवर वीस दिवस जमविलेलीं तेरा अंडीं मोठ्या हौसेनें मांडलीं. पिलें निघालीं दोन. दोष कोंबडीस दिला, आणि तिच्या जागीं दुसरी आणण्याचा बेतहि केला. पुढें कळलें कीं, ती बिचारी एकवीस दिवस मेलेल्या अंड्यांवर बसली होती.

म्हणून उबवणीसाठीं आठवड्याच्या आंतलींच अंडीं घ्यावीं, आणि उन्हाळ्यांत तीन-चार दिवसांपलीकडचीं घेऊंच नयेत. ठेवण्यास उत्तम जागा म्हणजे पाण्याच्या माठाशेजारचा ओलसर गारवा. एका पाटींत वाळू घालून, ती भिजवून, वर कापड अंथरावें व अंड्याचें बोथट टोक वर करून मांडावें. अंडें धुऊं नये. कवचावरचें नैसर्गिक लेपण धुण्यानें जातें व जंतूंना वाट मिळते. आठ-दहा कोंबड्यांमागें एक कोंबडा असला म्हणजे पुरे, आणि तो विकला तरी पुढें आठवडाभर अंडीं फळलेलीं निघतात. खरा हंगाम दिवाळीपासून माघापर्यंतचा. पावसाळ्यांत ओल फार, आणि ओलींत पिलांना रक्ती हगवण धरते.

बसविण्याची रीत साधी आहे. बांबूची उथळ पाटी घ्यावी, तळाशीं राख किंवा बारीक वाळू, तिच्यावर गव्हाचें कुटार, त्यांत मूठभर कडुनिंबाचा पाला. उवा-पिसवांनीं त्रासलेली कोंबडी अंडीं सोडून उठते. गांवठी कोंबडीच्या पोटाखालीं दहा-बारा अंडीं मावतात, त्याहून अधिक ठेवण्याचा लोभ धरूं नये. अंधार पडल्यावर तिला उचलून अंड्यांवर ठेवावें, म्हणजे ती सहसा बंड करीत नाहीं. आमच्या आजीचा नेम असा कीं, अंडीं अकरा किंवा तेरा, विषमच ठेवावयाचीं, आणि मेघगर्जनेनें तीं बिघडूं नयेत म्हणून पाटीच्या कडेला एक खिळा व एक लाल मिरची खोंचावयाची. गर्जनेनें अंडीं बिघडतात यास आधार नाहीं. पण त्या मिरचीच्या निमित्तानें आजी रोज पाटींत डोकावत असे आणि एखादें फुटलेलें अंडें दिसलें तर काढून टाकीत असे. त्याचा उपयोग निश्चित होता.

कोंबडी दिवसांतून अनेकदां चोंचीनें अंडीं उलटते, नाहींतर गर्भ कवचाच्या आंतल्या पापुद्र्याला चिकटतो. दिवसांतून एकदां, पंधरा-वीस मिनिटें, तिला उठलेंच पाहिजे. कांहीं कोंबड्या इतक्या निष्ठावंत असतात कीं उठतच नाहींत. अशीस हातानें उचलून बाहेर ठेवावें, नाहींतर ती घरटें घाण करते व स्वतः झिजते. दाणा, पाणी आणि लोळावयास राखेचा ढीग जवळच असावा. सातव्या-आठव्या दिवशीं रात्रीं विजेरीवर अंडें धरून पाहावें. कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या तर गर्भ वाढत आहे. सगळें स्वच्छ दिसलें तर तें अंडें वांझ समजून काढून घ्यावें.

शेवटच्या एक-दोन दिवसांत अंड्यांतून बारीक चिवचिव ऐकूं येते, आणि कोंबडी तिला हळू आवाजांत उत्तर देते. या वेळीं तिला उठवूं नये. कवचास भोंक पडून बारा-बारा तास कांहीं घडत नाहीं असें पाहून आपला जीव वरखालीं होतो, आणि नखानें कवच सोलण्याचा मोह आवरत नाहीं. तो आवरावाच. त्या वेळांत पिलूं फुप्फुसानें श्वास घेण्यास शिकत असतें व उरलेला बलक पोटांत ओढून घेत असतें. घाईनें काढल्यास रक्तस्राव होऊन मरतें. तोच बलक त्याला पुढें दोन दिवस पुरतो, म्हणून पहिल्या दिवशीं तें खात नाहीं याची काळजी नको.

येथपर्यंतचें काम कोंबडी उत्तम करते. चांगल्या हंगामांत बारा अंड्यांतून नऊ-दहा पिलें सहज निघतात. मग दोन महिन्यांनीं अंगणांत तीन किंवा चारच कां उरतात? आपल्या घरचा तोटा बहुतेक सगळा येथें आहे, आणि आपण मात्र अंडीं व कोंबडा यांच्या चर्चेंत वेळ घालवितों. पहिल्या तीन आठवड्यांत पिलें कावळा, घार, बोका आणि मुंगूस यांच्या तोंडीं जातात, पाण्याच्या घमेल्यांत बुडतात, नाहींतर आईमागें उकिरड्यापर्यंत धांवून धांवून दमतात. आई शूर असते, पण दहा पिलें दहा दिशांना असतांना तिची एक चोंच किती पुरणार?

यावर उपाय म्हणजे आईलाच अडकविणें. बांबूच्या मोठ्या डाल्याखालीं तिला सावलींत ठेवावें. डाल्याच्या विणींतून पिलें आंतबाहेर करतील एवढी फट असावी. आई जागची हलत नाहीं म्हणून पिलेंहि दूर जात नाहींत, आणि तिची एक हांक आली कीं सारीं तिच्या पंखाखालीं जमतात. दाणा डाल्याबाहेर ठेवला तर तो पिलांनाच मिळतो. पाणी उथळ वाटींत, मध्यें खडे टाकून द्यावें. ज्वारीच्या किंवा तांदळाच्या कण्या चांगल्या, पण एवढ्यानें भागत नाहीं. वाढत्या अंगाला प्रथिन लागतें. मडक्यांत शेण व ओलें कुटार भरून तें वाळवीच्या जागीं रात्रभर पालथें ठेवल्यास सकाळीं त्यांत वाळवी भरलेली सांपडते. पिलें तिच्यावर तुटून पडतात.

येथें आमच्या जिल्ह्यापुरती एक सूचना करणें अवश्य वाटतें. पूर्वीं अंगणांत ज्वारीची खळी होई आणि सांडलेल्या दाण्यावर कोंबड्यांचें पोट भरे. आतां रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत जिकडेतिकडे सोयाबीन, म्हणून तोच दाणा भरडून पिलांपुढें टाकण्याचा मोह होतो. कच्च्या सोयाबीनमध्यें प्रथिनाचें पचन रोखणारें द्रव्य असतें, त्यानें पिलें खुरटतात. तो नीट भाजून किंवा शिजवूनच द्यावा. आणि पेरणीनंतर उरलेलें औषध चोळलेलें रंगीत बियाणें तर अंगणांत चुकूनहि सांडूं नये.

राहिला रोग. मान वांकडी होऊन कोंबड्या पटापट मरतात ती मानमोडी. 1928 च्या सुमारास कुमाऊंतील राणीखेत येथें आपल्या देशांत ती प्रथम ओळखली गेली, म्हणून तिला राणीखेत हेंहि नांव आहे. ती एकदां गल्लींत शिरली कीं कोणाचें खुराडें भरलेलें राहत नाहीं. तिच्यावर औषध नाहीं, लस मात्र आहे: पांचव्या ते सातव्या दिवशीं डोळ्यांत किंवा नाकांत लासोटा लशीचा एक थेंब, आणि सहा ते आठ आठवड्यांनीं आर-टू-बी लस पंखाखालीं टोचून. अडचण निराळीच आहे. लशीची कुपी निदान शंभर पिलांची असते, ती बर्फांतून आणावी लागते, आणि एकदां कालवल्यावर एक-दोन तासांत संपवावी लागते. दहा पिलांची मालकीण ती एकटी कशाला आणील? म्हणून शेजारच्या आठ-दहा घरांनीं ठरवून एकाच आठवड्यांत कोंबड्या बसवाव्या, म्हणजे पिलेंहि एकाच आठवड्यांत निघतील आणि एका कुपींत सर्वांचें काम होईल. लस पशुवैद्यकीय दवाखान्यांत आधीं सांगून ठेवावी. रिसोड तालुक्यांतील करडा येथील कृषि विज्ञान केंद्रांतहि या गोष्टींविषयीं विचारपूस करतां येते.

एकाच वेळीं बसविण्याचा दुसराहि लाभ आहे. दोन कोंबड्यांचीं पिलें निघालीं, तर पहिल्या दोन दिवसांत, रात्रीच्या अंधारांत, एकीचीं पिलें दुसरीच्या पंखाखालीं सारून द्यावीं. थंडी असली तरी चौदा-पंधरा पिलें एक आई संभाळते, आणि मोकळी झालेली लौकर अंड्यावर येते. दिवसाउजेडीं हें करूं गेलांत तर परकें पिलूं टोंचून मारलें जाईल.

चार आठवड्यांनीं पिलांच्या अंगावर पिसें येतात. अंडीं लौकर हवीं असतील तर त्या सुमारास आईला वेगळें काढतां येतें. थंडीच्या रात्रीं मात्र पिलांना गोणपाट व कुटार यांचा आडोसा करावा. तसें न केल्यास आईच दीड-दोन महिन्यांनीं निकाल लावते. कालपर्यंत ज्यांच्यासाठीं ती घारीच्या अंगावर गेली, त्याच पिलांना एके सकाळीं टोंचून दूर करते, आणि रात्रीं त्यांना खालीं सोडून आपण खुराड्यांतल्या आडव्या काठीवर जाऊन बसते. पिलें पहिल्या दोन-तीन रात्रीं फार ओरडतात. त्या रात्रीं खुराड्याच्या दाराला दगड लावून भागत नाहीं, कडी घालावी. दगड मुंगसाला सरकवितां येतो.