गजकर्णाची खाज थांबते, पण गजकर्ण जात का नाही?

जांघेत किंवा कमरेवर गोल, लाल चट्टा. रात्री झोपू न देणारी खाज. मग कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जायचं, "खाजेची ट्यूब द्या" म्हणायचं आणि दोन दिवसांत आराम. पंधरा दिवसांनी चट्टा परत हजर, तोही आधीपेक्षा मोठा. पुन्हा तीच ट्यूब. हे ओळखीचं वाटत असेल, तर एकदा त्या ट्यूबवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा.

तिथे अनेकदा तीन-चार औषधांची नावं सापडतात. एक बुरशी मारणारं, एक बॅक्टेरियाविरुद्धचं आणि एक स्टिरॉइड, बऱ्याचदा क्लोबेटासॉल. गजकर्ण किंवा नायटा हा बुरशीचा आजार. त्यामुळे बॅक्टेरियाचं औषध तिथे काही करत नाही. खरा घोळ स्टिरॉइडचा आहे. खाज आणि लाली येते ती आपलं शरीर बुरशीशी लढत असतं म्हणून. स्टिरॉइड ती लढाईच थंड करतं. आपल्याला बरं वाटतं आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. चट्ट्याची गोल कड पुसट होते, त्यामुळे पुढे डॉक्टरांनाही आजार ओळखणं अवघड जातं. जांघेतली नाजूक त्वचा पातळ होते आणि तिथे पडलेले ताणाचे पट्टे सहसा जात नाहीत.

सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यात अशी काही क्रीमही होती. तरी स्टिरॉइडवाली ट्यूब चिठ्ठीशिवाय मिळणं थांबलेलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

मग औषधं एकत्र वापरूच नयेत का? वापरतात, पण बुरशीवरचीच दोन औषधं आणि तीही विचार करून.

बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ लागतो. आपल्या पेशींत त्या जागी कोलेस्टेरॉल असतं, म्हणून ही औषधं मुख्यतः बुरशीलाच धरतात. एर्गोस्टेरॉल टप्प्याटप्प्याने तयार होतं. टर्बिनाफिन सुरुवातीचा एक टप्पा अडवतं, तर इट्राकोनॅझोल पुढचा. बुरशीने एक नाका चुकवला तरी दुसऱ्यावर सापडावी, असा हिशोब.

आणि ती नाका चुकवायला शिकली आहे. भारतात सध्या पसरलेल्या बुरशीला २०२० मध्ये 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' असं नाव मिळालं. तिच्या अनेक नमुन्यांमध्ये टर्बिनाफिन ज्या एन्झाइमवर काम करतं, त्याच्याच जनुकात बदल दिसतो, म्हणजे औषधाला पकडच मिळत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही हिचे दोन रुग्ण नोंदवले गेले. त्यातल्या एका महिलेने परदेश प्रवासही केलेला नव्हता.

म्हणून चट्टे जास्त असतील किंवा परत परत येत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञ अनेकदा पोटातून एक औषध आणि वरून वेगळ्या गटातलं मलम देतात. पोटातून दोन गोळ्या एकदम देण्याचा निर्णय मात्र निवडक रुग्णांपुरता, कारण यकृतावरचा भार वाढू शकतो. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल जेवणानंतर घ्यायची असते आणि ॲसिडिटीच्या गोळीने तिचा परिणाम कमी होतो. कोलेस्टेरॉलची काही औषधं तिच्यासोबत चालत नाहीत. हृदय कमजोर असेल किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा.

मलम चट्ट्याच्या कडेबाहेर साधारण दोन सेंटीमीटरपर्यंत लावा. खाज गेली म्हणून चौथ्या दिवशी सोडू नका, डॉक्टर सांगतील तितके आठवडे चालू ठेवा. घरात आणखी कुणाला खाज असेल, तर त्यांचेही उपचार एकाच वेळी करा, नाहीतर टॉवेल आणि चादरींमधून तोच आजार घरात फिरत राहतो. ओलसर अंतर्वस्त्रं, घट्ट जीन्स टाळा.

तपासायला जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, रिकाम्या असल्या तरी. नाव आठवत नाही म्हणून "पांढरी ट्यूब, निळं झाकण" एवढंच सांगणारे पेशंट त्यांना रोज भेटतात.