गिधाडं बघायचीत? मग जरा उशिरा जा

मार्चमध्ये नाशिकजवळच्या अंजनेरीला गिधाडं बघायला गेलो. पक्षी बघायचे तर पहाटेच, या सवयीने उजाडायच्या आत चढलो आणि तीन तास रिकामं आकाश बघत बसलो. दहाच्या सुमारास पहिलं लांब चोचीचं गिधाड कड्यावरून झेपावलं आणि पंख न हलवता गोल फिरत वर गेलं.

एवढा उशीर का? पाच-सहा किलोचा हा पक्षी. सतत पंख मारत उडणं त्याला परवडत नाही. ऊन चढलं की कातळ तापतो, त्यावरची हवा हलकी होऊन वर जाते. याला 'थर्मल' म्हणतात. गिधाड त्यात घिरट्या घालत उंची गाठतं आणि तिथून तरंगत पुढचा थर्मल पकडतं. फारशी ताकद न लावता मोठा मुलूख पिंजून काढतं.

हेच कसब मुळावर आलं. एका मेलेल्या जनावरावर लांबलांबून डझनावारी गिधाडं जमतात. त्या जनावराला डायक्लोफिनॅक दिलेलं असेल, तर मांसातून ते पोटात जाऊन गिधाडांच्या किडन्या निकामी होतात. शंभरात एकाहून कमी मृत जनावरांत घातक मात्रा असली, तरी गिधाडांची संख्या कोसळायला तेवढं पुरतं, असं २००४ च्या एका गणिती अभ्यासात दिसलं.

जनावरांसाठीच्या या औषधावर भारतात २००६ मध्ये बंदी आली. पण जोडी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे भरपाई फार सावकाश होते. मार्चमध्ये कपारीत पिल्लं असतात. म्हणून दहाला पोहोचा, कड्याच्या काठावर जाऊ नका. दुर्बीण आहे ना, लांबूनच बघा.