प्रतिस्पर्ध्याच्या गावात बिऱ्हाड

अमेरिकेत ज्यांना ‘कॉलेज टाउन’ म्हणतात, म्हणजे ज्यांची बाजारपेठ, घरभाडी, वाहतूक आणि वर्षाचे वेळापत्रक एकाच विद्यापीठाभोवती फिरते, अशा गावांत राहायला जाणाऱ्या कुटुंबाला घर आणि शाळा यांच्या जोडीने आणखी एका प्रश्नाचा निकाल लावावा लागतो, आणि तो म्हणजे फुटबॉलमध्ये आपण कोणाच्या बाजूचे. फुटबॉल म्हणजे अर्थातच तिकडचा, लंबगोल चेंडू हातात घेऊन, अंगावर चिलखतासारखा सरंजाम चढवून खेळला जाणारा. त्यातही व्यावसायिक क्लबांचा नव्हे, विद्यापीठांच्या संघांचा. त्याचा हंगाम साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर चालतो आणि त्यात घरच्या मैदानावर सात-आठच सामने होतात. त्या सात-आठ शनिवारी गावात लग्न ठरवणे, घर बदलणे किंवा नुसते वाणसामान आणायला बाहेर पडणे, हे सगळे सामन्याची वेळ पाहून करावे लागते. अशा गावात एखादे कुटुंब प्रतिस्पर्धी विद्यापीठाची निष्ठा घेऊन उतरले, तर त्याचे काय होते?

या प्रश्नासाठी अलाबामा राज्यासारखे दुसरे ठिकाण सापडणे अवघड आहे. फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल आणि आइस हॉकी या चारही खेळांच्या प्रमुख व्यावसायिक लीगांपैकी एकाही लीगचा संघ या राज्यात नाही, त्यामुळे सगळी क्रीडानिष्ठा दोन सरकारी विद्यापीठांत वाटली गेली आहे. टस्कलूसा येथील अलाबामा विद्यापीठ हे त्यांपैकी जुने. ते १८३१ मध्ये सुरू झाले आणि राज्याचे वकील, न्यायाधीश व आमदार घडवणारी संस्था म्हणून त्याची ओळख तयार झाली. दुसरे, रस्त्याने सुमारे अडीचशे किलोमीटरवर असलेल्या ऑबर्न गावातले, १८५६ मध्ये मेथडिस्ट पंथीयांनी स्थापलेले महाविद्यालय होते. १८७२ मध्ये ते राज्याचे ‘लँड-ग्रँट’ महाविद्यालय झाले. १८६२ च्या मॉरिल कायद्यानुसार केंद्र सरकारने राज्यांना जमिनी दिल्या आणि त्यांच्या विक्रीतून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये उभी करावीत असे ठरवले; त्या योजनेतल्या संस्थांना हे नाव आहे. टस्कलूसाकडच्या मंडळींनी ऑबर्नला ‘गुरांचे कॉलेज’ म्हणून हिणवायचे आणि ऑबर्नकरांनी टस्कलूसावाल्यांना उर्मट म्हणायचे, ही परंपरा तेव्हापासूनची आहे. मैदानावरच्या वैराखाली शिकलेल्या शहरी वर्गाचा आणि शेतकरी-कारागीर वर्गाचा जुना ताण आहे, आणि दोन्ही संस्था राज्याच्या एकाच तिजोरीकडे हात पसरतात म्हटल्यावर तो विरून जाण्याचे कारणही नाही.

या दोन संघांमधला सामना ‘आयर्न बोल’ या नावाने ओळखला जातो, कारण अनेक दशके तो बर्मिंगहॅम या लोखंड-पोलादाच्या कारखान्यांच्या शहरात होत असे. पहिली लढत १८९३ ची. १९०७ चा सामना ६–६ असा बरोबरीत सुटल्यावर खेळाडूंचा भत्ता किती असावा आणि पंच कुठून आणावेत यावरून वाद झाला. रक्कम किरकोळ होती, परंतु वाद मिटला नाही आणि पुढची ४१ वर्षे एकाच राज्यातली ही दोन विद्यापीठे एकमेकांशी खेळली नाहीत. अखेर विधिमंडळात ठराव झाला, दोन्ही कुलगुरू वाटाघाटीला बसले आणि १९४८ मध्ये सामना पुन्हा सुरू झाला; तो अलाबामाने ५५–० असा जिंकला. त्या वेळी दोन्हीकडच्या विद्यार्थी प्रतिनिधींनी बर्मिंगहॅमच्या एका बागेत खड्डा खणून त्यात खरोखरीची कुऱ्हाड पुरली, कारण अमेरिकेत वैर संपवण्याची तीच खूण मानतात. वैर अर्थातच संपले नाही. १९८९ पर्यंत सामना बर्मिंगहॅममध्येच, म्हणजे दोघांच्याही गावाबाहेर होत राहिला. त्या वर्षी तो प्रथमच ऑबर्नमध्ये झाला आणि ऑबर्नने तो ३०–२० असा जिंकला, याची तारीखवार आठवण तिथल्या वृद्धांना आजही असते.

एवढे वैर असेल तर माणसे आपापल्या गावात का राहत नाहीत, अशी शंका येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर शिक्षणव्यवस्थेत आहे. राज्याच्या सरकारी विद्यापीठांपैकी पशुवैद्यकाचे महाविद्यालय फक्त ऑबर्नकडे आहे आणि कायद्याचे फक्त टस्कलूसाकडे. ज्या घरात तीन पिढ्या अलाबामाचा किरमिजी रंग मिरवला गेला, त्या घरातल्या मुलीला जनावरांची डॉक्टर व्हायचे असेल तर तिला चार वर्षे ऑबर्नच्या निळ्या-नारिंगी गर्दीत काढावी लागतात. आणि ऑबर्नच्या कट्टर घरातला मुलगा वकील होऊ पाहतो तेव्हा खासगी महाविद्यालयाचे शुल्क परवडत नसेल तर त्याला टस्कलूसाची वाट धरावी लागते. त्यात प्राध्यापक, डॉक्टर आणि निवृत्तीनंतर स्वस्त व निवांत गाव शोधणारी जोडपी यांची भर पडते. प्रतिस्पर्ध्याच्या गावातले बिऱ्हाड हा तिथे अपवाद राहिलेला नाही. राज्याची रचनाच अशी आहे की ते होत राहणार.

अशा बिऱ्हाडाचे पहिले काही महिने चिन्हांच्या व्यवहारात जातात. ऑबर्नमध्ये ‘वॉर ईगल’ ही युद्धघोषणा आहे, पण ती नमस्कार, निरोप आणि अभिनंदन या तिन्हींच्या जागी वापरली जाते. दुकानदार सुटे पैसे परत करताना ती म्हणतो आणि ऑबर्नची टोपी घातलेल्या अनोळखी माणसाला दूरच्या विमानतळावरही ती ऐकू येते. तिला ‘वॉर ईगल’ असेच उत्तर द्यावे लागते, त्यामुळे अलाबामाचा पाठीराखा कात्रीत सापडतो: उत्तर दिले तर बाटल्यासारखे वाटते आणि गप्प राहिले तर उर्मटपणा ठरतो. ‘रोल टाइड’ ही स्वतःच्या संघाची घोषणा हसत परत फेकणे हा बहुतेकांनी पत्करलेला मार्ग, आणि तो चालून जातो. मोटारीचे प्रकरण त्याहून गमतीचे आहे. अलाबामात नोंदणी क्रमांकाची पाटी फक्त मागच्या बाजूला बंधनकारक आहे, त्यामुळे पुढची जागा निष्ठा जाहीर करायला मोकळी राहते. शिवाय सरकारी पाटीसुद्धा जादा शुल्क भरून विद्यापीठाच्या चिन्हासह घेता येते आणि त्या शुल्कातला मोठा हिस्सा त्या विद्यापीठाच्या शिष्यवृत्त्यांकडे जातो. नवरा एका बाजूचा आणि बायको दुसऱ्या बाजूची असेल तर मधोमध दुभागलेली, अर्धी किरमिजी आणि अर्धी निळी अशी पाटीही बाजारात मिळते. दुभंगलेल्या घराची ही जाहिरात कोणी लपवत नाही, उलट लोक ती दारावर झेंडा म्हणून लावतात.

या पाटीतच प्रस्तुत विषयाचे मर्म आहे. राज्यात नव्याने येणाऱ्या माणसाला ‘कोणाकडचे?’ हा प्रश्न फार लवकर विचारला जातो, आणि या प्रश्नाला दोनच उत्तरे संभवतात. चुकीचे उत्तर देणाऱ्याची थट्टा होते, त्याच्या दारात कोणी रात्रीतून विरोधी झेंडा रोवून जाते, पण त्याचे स्थान तत्क्षणी निश्चित होते. ‘कोणाकडचाच नाही, मला त्यातले कळत नाही’ असे सांगणाऱ्याशी मात्र पुढे काय बोलावे हे कोणालाच सुचत नाही. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०८ च्या आपल्या ग्रंथात संघर्ष हाही माणसे जोडण्याचा एक प्रकार असल्याचे मांडले होते आणि संबंधाचा खरा अभाव त्यांनी वैरात न पाहता उदासीनतेत पाहिला होता. ऑबर्नमधला अलाबामाचा पाठीराखा हे त्या प्रतिपादनाचे चालते-बोलते उदाहरण होय. त्याला सामन्यांचा इतिहास ठाऊक असतो, जखमा कुठे आहेत हे ठाऊक असते, आणि म्हणून तो परका असूनही घरचाच असतो.

तरीही त्याचे काही नुकसान होते, हे नाकारता येत नाही. क्रीडामानसशास्त्राचे अभ्यासक डॅनियल वॅन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार संघाशी असलेली एकरूपता माणसाला मानसिक आधार देते ती मुख्यतः तिच्यातून मिळणाऱ्या माणसांमुळे. भोवतालचे सगळे त्याच संघाचे असतील तर हे नाते कायमचे आणि विनासायास मिळते. दूरच्या संघाचा पाठीराखा असलेल्याला ते प्रयत्नाने, ठरावीक वेळी आणि ठरावीक ठिकाणी मिळवावे लागते. म्हणूनच प्रतिस्पर्ध्याच्या गावातले लोक एकमेकांना हुडकून काढतात, शनिवारी कोणाच्या तरी घरी पडदे ओढून सामना पाहतात आणि सोमवारपर्यंत पुरेल इतकी सोबत साठवून घेतात.

हा सोमवारही महत्त्वाचा आहे. रॉबर्ट चाल्दिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, संघ जिंकल्यानंतरच्या सोमवारी विद्यार्थी विद्यापीठाचे कपडे अधिक प्रमाणात घालून येतात, आणि जिंकलेल्या सामन्याचे वर्णन करताना ‘आम्ही’ हे सर्वनाम वापरण्याकडे त्यांचा कल वाढतो. दुसऱ्याच्या यशाच्या उन्हात अंग शेकून घेण्याची ही वृत्ती एरवी बिनखर्चाची आहे. प्रतिस्पर्ध्याच्या गावात मात्र तिला किंमत पडते. तिथे विजयानंतरच्या सोमवारी किरमिजी सदरा घालायचा तर पराभवानंतरच्या सोमवारीही तो घालण्याची तयारी लागते. २०१३ च्या आयर्न बोलमध्ये शेवटचा एक सेकंद उरला असताना अलाबामाने दूरवरून मारलेली किक अपुरी पडली आणि ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने तो चेंडू झेलून मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत नेला. ३४–२८ या निकालानंतरचा सोमवार ऑबर्नमधल्या अलाबामा-समर्थकांनी कसा काढला असेल याची कल्पना करायला क्रीडामानसशास्त्राची गरज नाही.

मराठी वाचकाला हे सगळे समजायला कोल्हापूर जवळचे आहे, कारण पेठेच्या तालमीच्या संघावर जीव टाकणारा माणूस दुसऱ्या पेठेत राहायला गेला तर काय होते हे तिथे सांगावे लागत नाही. अमेरिकेत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत २०२३-२४ या वर्षी भारतीयांची संख्या सर्वांत मोठी, ३,३१,६०२, होती. त्यांतले जे अशा विद्यापीठांत पोहोचतात ते या खेळाचे नियमही न जाणता येतात आणि प्रवेशपत्राबरोबर निष्ठा मिळालेली पाहून सुरुवातीला गोंधळतात. दोन वर्षांत ते ‘वॉर ईगल’ म्हणू लागतात, आणि पुढे नोकरीने टस्कलूसाला नेले तर त्यांच्याही वाट्याला हेच बिऱ्हाड येते.

थट्टेला सीमा असते, आणि ती कुठे आहे हे ती ओलांडली गेल्यावर कळते. ऑबर्नमध्ये मॅग्नोलिया अव्हेन्यू आणि कॉलेज स्ट्रीट जिथे मिळतात त्या टूमर्स कॉर्नरवर दोन जुने ओक वृक्ष होते आणि विजयानंतर त्यांच्यावर टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या फेकून ते पांढरे करण्याची प्रथा होती. २०१० मध्ये टस्कलूसाच्या मैदानावर २४–० असा मागे पडलेला ऑबर्न २८–२७ असा जिंकला. त्यानंतर अलाबामाच्या एका पाठीराख्याने या झाडांच्या मुळाशी तीव्र तणनाशक ओतले आणि जानेवारी २०११ मध्ये रेडिओवरच्या एका कार्यक्रमात फोन करून तशी फुशारकीही मारली. त्याला तुरुंगवास झाला, सुमारे आठ लाख डॉलर भरपाईचा आदेश झाला आणि महाविद्यालयीन सामन्यांना जाण्यास बंदी झाली; झाडे मात्र वाचली नाहीत आणि २०१३ मध्ये ती काढावी लागली. त्या काळात सर्वांत अवघड स्थिती ऑबर्नमध्येच राहणाऱ्या अलाबामाकरांची झाली असणार. झाडांसाठी निधी उभा करायला ‘टाइड फॉर टूमर्स’ या नावाने अलाबामाचे समर्थकच पुढे आले, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पुढे २७ एप्रिल २०११ रोजी टॉर्नेडो वादळांनी राज्यात दोनशेहून अधिक बळी घेतले आणि टस्कलूसाचा मोठा भाग उद्ध्वस्त केला, तेव्हा ‘टूमर्स फॉर टस्कलूसा’ या नावाखाली ऑबर्नचे पाठीराखे सामान आणि स्वयंसेवक घेऊन तिकडे गेले. दोन्ही उपक्रमांच्या नावांत शत्रूचे नाव आहे, आणि मदत कोणाकडून आली हे विसरले जाऊ नये अशीही त्यात सोय आहे. औदार्यातही गुण मोजण्याची ही सवय उगाच नाकारण्यात अर्थ नाही.

आयर्न बोल जिंकणाऱ्या विद्यापीठाला जो करंडक मिळतो तो जेम्स फॉय यांच्या नावाचा आहे. फॉय हे अलाबामा विद्यापीठाचे पदवीधर. १९५० मध्ये ते ऑबर्नला विद्यार्थी विभागाचे डीन म्हणून आले, १९७८ पर्यंत त्या पदावर राहिले, ऑबर्नच्या घोषणांचे गावातले सर्वांत उत्साही म्होरके ठरले आणि कोणीही फोन करून वाटेल तो प्रश्न विचारावा अशी माहितीसेवा त्यांनी तिथे सुरू केली. त्यांच्या नावाचा करंडक फुटबॉलच्या मैदानावर दिला जात नाही. तो काही आठवड्यांनंतर दोन्ही विद्यापीठांच्या बास्केटबॉल सामन्याच्या मध्यंतरात दिला जातो, आणि प्रथेप्रमाणे हरलेल्या विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाच्या अध्यक्षाला त्या वेळी भर सभागृहात विजेत्यांचे गीत गावे लागते.