आतड्याची झीज आणि मोडाच्या नागलीची पेज

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारांवर पावसाळ्यात नागली, म्हणजेच नाचणी, पिकते. या नागलीच्या पेजेचा आणि मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात कर्करोगावर देतात त्या औषधांचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्या आतड्यातून जातो.

लहान आतड्याची आतली बाजू मखमलीसारखी असते. तिच्यावर सुमारे अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे असंख्य रसांकुर असतात. त्यांच्यामुळे अन्नरस शोषणारे क्षेत्रफळ कितीतरी पटींनी वाढते. रसांकुरांवरील पेशी ३ ते ५ दिवसांत झडतात आणि तळाच्या खळग्यांत तयार होणाऱ्या नव्या पेशी त्यांची जागा घेतात.

कर्करोगावरील रासायनिक उपचारांतील (केमोथेरपीतील) पुष्कळशी औषधे भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. त्या तडाख्यात आतड्यातील निरोगी पेशीही सापडतात. जुन्या पेशी झडतात, नव्या पुरेशा येत नाहीत आणि रसांकुर खुरटतात. म्हणून जुलाब बहुधा औषध दिल्यावर काही दिवसांनी लागतात. दुधातील साखर पचवणारे लॅक्टेज रसांकुरांवरील पेशींतच असते; त्यामुळे अशा वेळी काहींना दूधही सोसत नाही.

उपासमार आणि वारंवार होणारे जुलाब यांनीही रसांकुर असेच खुरटतात. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे तेथील कुपोषण साऱ्या महाराष्ट्राला कळले. कुपोषित मुलाला कर्करोग झाला, तर त्याच्या आतड्यावर दुहेरी मार बसतो आणि औषधेही त्याला अधिक बाधतात. म्हणून आहार हा उपचाराचाच भाग मानतात.

जुलाबात आधी पाणी व क्षार भरून काढावे लागतात. १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालतात. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात व त्यांच्यामागे पाणी जाते. मग मऊ, ताजे शिजवलेले अन्न थोडे थोडे, पण वरचेवर द्यायचे.

इथे एक अडचण येते. दाट पेज गिळवत नाही आणि पातळ पेजेत अन्न थोडे, पाणीच फार! शिजताना पिठूळ द्रव्याचे, म्हणजे स्टार्चचे, कण पाणी पिऊन फुगतात व पेजेची श्यानता वाढते. यावर उपाय मोडांत आहे. नागलीला मोड आले की तिच्यात अमायलेज हे विकर वाढते. ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडते.

हा प्रयोग करून पाहा. नागलीची दाट पेज दोन वाट्यांत सारखी घ्या. ती हाताला सोसेल इतकी गरम असताना एकीत चमचाभर साधे पीठ आणि दुसरीत मोड आणून वाळवलेल्या नागलीचे तेवढेच पीठ ढवळा. दहा मिनिटांनी दोन्ही वाट्या कलत्या करा. दुसरीतील पेज सहज वाहील. अन्न तेवढेच, पण गिळायला सोपे! मात्र खाण्यापूर्वी ती पुन्हा उकळा.

रुग्णाने काय खावे, हे डॉक्टर व आहारतज्ज्ञांनीच ठरवायचे. काहींना नळीने किंवा शिरेतूनही पोषण द्यावे लागते. औषधाचा मारा थांबला की खळग्यांतील उरलेल्या पेशी पुन्हा विभागू लागतात आणि बहुधा एकदोन आठवड्यांत अस्तर सावरते. तोपर्यंत शरीराची ताकद टिकवून धरायची, ती आहाराने.