जीर्ण बायोफिल्म संसर्ग आणि शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा

बीजसंज्ञा : बायोफिल्म, न्यूट्रोफिल, प्रतिपिंडे, स्यूडोमोनास एरुजिनोसा, सिस्टिक फायब्रोसिस

प्रस्तावना :
जीवाणू म्हणजे द्रवात सुटा तरंगणारा एकपेशीय जीव, अशी प्रतिमा पाठ्यपुस्तकांतून रूढ झाली आहे. वास्तविक निसर्गात बहुसंख्य जीवाणू समूहाने राहतात. शर्करा, प्रथिने व डीएनए यांच्या स्वनिर्मित चिकट आवरणात वसलेल्या अशा समूहास बायोफिल्म म्हणतात. दातांवरील कीटण हे त्याचे परिचित उदाहरण होय. १९९९ मध्ये कॉस्टर्टन, स्टुअर्ट व ग्रीनबर्ग यांनी 'सायन्स' या नियतकालिकातील लेखात अनेक चिवट संसर्गांचे मूळ बायोफिल्ममध्ये असल्याचे मांडले. असा संसर्ग वर्षानुवर्षे टिकत असता शरीराची प्रतिकार यंत्रणा काय करते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

अभ्यासाचे उदाहरण :
सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक विकार सीएफटीआर या जनुकातील दोषामुळे होतो. त्यात श्वासनलिकांतील श्लेष्मा घट्ट होतो आणि तेथे स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जीवाणू ठाण मांडतो. कोपनहेगन येथील नील्स हॉयबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकापासून या संसर्गाचा सातत्याने अभ्यास केला. त्यामुळे जीर्ण बायोफिल्म संसर्गाचे हे सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण ठरले आहे.

प्रतिकार यंत्रणेचा प्रतिसाद :
१) पेशींचा प्रतिसाद : संसर्गस्थानी प्रथम न्यूट्रोफिल या श्वेतपेशी मोठ्या संख्येने जमतात. सुटा जीवाणू त्या गिळून नष्ट करतात. परंतु आवरणबद्ध समूह त्यांना गिळता येत नाही. मग त्यांच्यातील इलास्टेज हे विकर व ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू बाहेर सांडतात. त्यांचा मारा बायोफिल्मपेक्षा फुप्फुसाच्या ऊतींवरच अधिक होतो.

२) प्रतिपिंडांचा प्रतिसाद : रक्तात स्यूडोमोनासविरुद्ध प्रतिपिंडे भरपूर तयार होतात, तरीही संसर्ग हटत नाही. उलट प्रतिजन व प्रतिपिंड यांची संकुले ऊतींत साचून पूरक प्रथिने कार्यान्वित करतात आणि आणखी न्यूट्रोफिल ओढले जातात. म्हणूनच या रुग्णांत प्रतिपिंडांची वाढती पातळी हे संरक्षणाचे नव्हे, तर संसर्ग जीर्ण झाल्याचे लक्षण मानले जाते.

जीवाणूंची प्रतिचाल :
सभेचे कामकाज जसे गणपूर्तीवाचून सुरू होत नाही, तसेच जीवाणूही रासायनिक संकेतांद्वारे आपल्या संख्येचा अंदाज घेतात. पुरेशी संख्या झाल्यावर स्यूडोमोनास ऱ्हॅम्नोलिपिड स्रवतो व जवळ आलेल्या न्यूट्रोफिल पेशी मरतात. त्यांच्यातून सांडलेला डीएनए श्लेष्मा अधिक घट्ट करतो. न्यूट्रोफिल ऑक्सिजन वेगाने वापरतात, त्यामुळे श्लेष्म्यात प्राणवायूची टंचाई होते. जीवाणूंची वाढ मंदावते आणि वाढत्या पेशींवर प्रभावी ठरणारी प्रतिजैविके निष्प्रभ होऊ लागतात. इतकेच नव्हे, तर हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या रेणूंमुळे जीवाणूंत उत्परिवर्तने होऊन अल्जिनेटचे दाट आवरण निर्माण करणारे वाण उद्भवू शकतात. अशा रीतीने संरक्षणासाठी योजलेले अस्त्रच शत्रूचा तट मजबूत करते.

उपचारविषयक फलिते :
या आकलनाचा उपचारांशी थेट संबंध आहे. बायोफिल्म पक्की होण्यापूर्वीच उपचार करणे सर्वांत हितावह ठरते. श्वासावाटे कोलिस्टिन व तोंडावाटे सिप्रोफ्लॉक्सासिन लवकर दिल्यास जीर्ण संसर्ग लांबणीवर पडतो, असे कोपनहेगन येथील १९९१ च्या अभ्यासात दिसून आले. डीएनएचे विघटन करणाऱ्या डॉर्नेज अल्फा या औषधास अमेरिकेत १९९३ मध्ये मान्यता मिळाली. २०१९ मध्ये मान्यता मिळालेली तिहेरी औषधयोजना सीएफटीआर प्रथिनाचे कार्य सुधारते. तथापि आधीच रुजलेला संसर्ग तिने प्रत्येक रुग्णात समूळ जातोच असे नाही.

निष्कर्ष :
जीर्ण बायोफिल्म संसर्गात प्रतिकार यंत्रणा दुबळी असतेच असे नाही. बहुधा ती अविरत कार्यरत असते आणि तीच ऊतींच्या हानीस मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरते. तेव्हा 'प्रतिकारशक्ती वाढवा' हा सरसकट उपदेश येथे अपुरा पडतो. नेहमीची प्रतिजैविक-संवेदनशीलता चाचणीही सुट्या जीवाणूंवर होत असल्याने तिचा निकाल व रुग्णाचा अनुभव यांत अंतर पडते. सूक्ष्मजीवशास्त्राच्या अध्यापनात सुट्या जीवाणूइतकेच स्थान या समूहजीवनास मिळणे आवश्यक आहे.